कॅव्हिटी वॉल इन्सुलेशन: आमच्या रेडिंगच्या घराचा अनुभव, आणि भरायच्या आधी काय काय बघितलं

आमचं घर इंग्लंडमध्ये रेडिंगला, 1936 च्या आसपासचं, सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं), तीन बेडरूम, विटांच्या भिंती, मागे कुणीतरी नंतर वाढवलेलं छोटं किचन. गेल्या ऑक्टोबरमध्ये घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून बाहेरच्या भिंतींच्या दोन पदरांमधली पोकळी इन्सुलेशनच्या मालाने भरून घेतली, एक अख्खा हिवाळा काढला आणि आता लिहायला बसलेय. ओळखीतले बरेच जण विचारत होते, काय गं कशी आहे ती कंपनी, नंबर दे. नंबर देणं सोपं आहे पण नुसता नंबर देऊन भागत नाही, म्हणून सगळंच लिहिते. हा रिव्ह्यू दोन लोकांचा आहे, एक म्हणजे आम्ही स्वतःच्या खिशातून पैसे देऊन बोलावलेला सर्व्हेअर आणि दुसरी म्हणजे प्रत्यक्ष भरून देणारी कंपनी. दोघांची नावं लिहीत नाहीये, तुमच्या गावात ते यायचेही नाहीत.

आधी माझ्या नणंदेचं सांगते, कारण ते झालं नसतं तर आम्ही पण दारावर आलेल्या पहिल्या माणसाला हो म्हणून मोकळे झालो असतो. ताई वेल्समध्ये स्वॉन्सीला राहतात, टेकडीवर, खिडकीतून समुद्र दिसतो असं घर. 2019 मध्ये घेतलं तेव्हा भिंती आधीच भरलेल्या होत्या, आधीच्या मालकाने कुठल्यातरी फुकटच्या स्कीममध्ये करून घेतलेलं, आणि जाहिरातीत इन्सुलेटेड घर असं छान लिहिलेलं. दुसऱ्या हिवाळ्यात वरच्या मुलीच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर ओल दिसायला लागली, कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी, वॉलपेपरखाली गिलाव्याचे पोपडे. जो येईल तो सांगायचा की तुम्ही लोक स्वयंपाक खूप करता, कपडे घरात वाळवता, कंडेन्सेशन आहे, खिडक्या उघडा. ताईंनी डिह्युमिडिफायर घेतला, बुरशीचा पेंट लावला, मुलीला दुसऱ्या खोलीत झोपवलं. शेवटी ताईंच्याच लक्षात आलं की नैऋत्येकडून वारा पाऊस झाला की एक-दोन दिवसांनी डाग वाढतो, आणि कोरड्या थंडीत, स्वयंपाक तेवढाच असूनही, वाढत नाही. म्हणजे पाणी बाहेरून येतंय. मग एकाने भिंतीला बारीक भोक पाडून कॅमेरा घातला तर आत भरलेली इन्सुलेशनची लोकर ओली होऊन गोळा झालेली आणि मध्येमध्ये रिकामी जागा. बाहेरच्या पेबलडॅशला, म्हणजे बारीक खडे दाबलेल्या गिलाव्याला, तडे होते, ते भरायच्या आधी कुणी बघितलेच नव्हते. भरणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, कागद नाहीत, पत्त्यावर कुठली गॅरंटी नोंदवलेली सापडली नाही.

मधल्या काळात त्यांना 'केस जिंकलो तरच फी' वाल्या वकिलांचे फोन येत होते. त्या सह्या करायच्या थांबल्या ते बरं झालं, कारण शेफिल्डची अशीच एक वकिलांची फर्म जानेवारी 2024 मध्ये बुडाली आणि कॅव्हिटीचे दावे टाकलेल्या शेकडो साध्या माणसांच्या नावावर समोरच्या बाजूच्या वकिलांच्या खर्चाची बिलं आली, कुणाकुणाला हजारो पौंडांची. तेव्हा असं काही सही करायच्या आधी हरलो किंवा तुम्हीच बुडालात तर खर्च कोण देणार हे लेखी घ्या.

आता ही पोकळी असते तरी कशाला. माझे बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून रिटायर झालेत, साताऱ्याचे, गेल्या वर्षी उन्हाळ्यात सहा महिने आमच्याकडे होते. त्यांना मी सांगितलं की बाबा इथे बाहेरची भिंत दोन पदरी असते, मध्ये दोन इंचाची मोकळी जागा, आणि दोन्ही पदर लोखंडी पट्ट्यांनी बांधलेले असतात. ते भिंतीला हात लावून म्हणाले, "अगं म्हणजे पावसाची झड बाहेरच्या पदरावर थांबावी, पाणी मुरलंच तर पोकळीतून खाली उतरावं आणि आतला पदर कोरडा राहावा, म्हणून सोडलीय ना ती जागा? मग ती भरल्यावर पाणी जाणार कुठून?" मला अजून वाटतं की ह्या सगळ्या विषयातला हा एकच प्रश्न खरा आहे आणि बाकी सगळं त्याच्या पोटात येतं. भरायचा माल पाणी न शोषणारा असतो, नीट भरला तर पाणी पलीकडे जात नाही, लाखो घरांत काम व्यवस्थित झालेलं आहे. पण बाहेरचा पदर धड नसेल, किंवा आत आधीपासून चुन्या-सिमेंटचे गोळे अडकून बसले असतील, किंवा घर अशा जागी असेल जिथे झड थांबतच नाही, तर तुम्ही पावसाला आत यायला पूल बांधून देता.

फायदा खोटा नाहीये हेही सांगते. इन्सुलेशन नसलेल्या घरातली साधारण एक तृतीयांश उष्णता भिंतींतून जाते. रिकाम्या पोकळीच्या जुन्या भिंतीचा यू-व्हॅल्यू, म्हणजे भिंतीतून उष्णता किती निसटते त्याचं माप, 1.5 च्या आसपास असतो, भरल्यावर तो 0.5 च्या आसपास येतो, म्हणजे त्या भिंतीतून जाणारी उष्णता एक तृतीयांशावर. एका दिवसाच्या कामात एवढा फरक देणाऱ्या गोष्टी घरात फार नसतात. म्हणून तर करायचं होतं.

पहिला माणूस दारावरच आला, जॅकेट घातलेला, गळ्यात कार्ड. तुमच्या एरियात फ्री सर्व्हे चालू आहेत म्हणाला. बाहेरून दोन फोटो काढले, टॅबलेटवर काहीतरी टिक केलं, घरात आला तर बॉयलर कुठेय एवढंच विचारलं, पंधरा मिनिटांत म्हणाला तुम्ही कॅव्हिटी इन्सुलेशनला क्वालिफाय होता, इथे सही करा, पुढच्या गुरुवारी टीम येते. भिंतीला भोक नाही, लॉफ्टमध्ये डोकावणं नाही, मागच्या बाजूला तर गेलाच नाही. मी विचारलं की पोकळीची रुंदी किती आहे, तर म्हणाला ह्या घरांची सगळी स्टँडर्डच असते. त्याला चहा दिला आणि नाही म्हणून पाठवलं. गंमत सोडा, पण काळजीची गोष्ट म्हणजे तोच माणूस माझ्या मैत्रिणीकडे पण गेला होता, तिचं घर गावात, व्हिक्टोरियन टेरेस, लाल विटांमध्ये राखाडी विटांची नक्षी असलेलं, रेडिंगमध्ये अशा गल्लीच्या गल्ल्या आहेत. ती भिंत भरीव असते, तिच्यात पोकळीच नसते. तिलाही क्वालिफाय होता म्हणून सांगितलं होतं.

तर हे तुमचं तुम्हाला, पैसे न देता, घरबसल्या बघता येतं. इथे साधारण 1920 च्या आधीची घरं बहुतेक भरीव भिंतींची, त्यानंतर पोकळीच्या भिंती रुळल्या, आणि 1990 नंतरच्या घरांत बांधतानाच इन्सुलेशन घातलेलं असण्याची शक्यता जास्त. बाहेर जाऊन विटा बघा. सगळ्या विटा लांबीच्या बाजूने दिसत असतील तर बहुधा पोकळी आहे, एक लांब एक आखूड असा नमुना दिसला तर ती आखूड वीट भिंतीत आडवी आरपार गेलेली असते, म्हणजे भरीव. प्लास्टर किंवा पेबलडॅश असेल तर दाराच्या चौकटीपाशी टेपने भिंतीची जाडी मोजा, 260 मिलिमीटरच्या वर असेल तर पोकळी असण्याची शक्यता. आमची गिलाव्यासकट 285 भरली. आणि हो, विटांमधल्या दर्जांमध्ये, म्हणजे मसाल्याच्या सांध्यांमध्ये, साधारण एक-एक मीटरवर बोटाएवढे गोल बुजवलेले डाग दिसतायत का ते बघा, दिसले तर आधीच भरलेली आहे, मग गोष्ट वेगळी, मग आत माल कसल्या अवस्थेत आहे ते बघायचं. लाकडी किंवा स्टीलच्या सांगाड्याचं घर असेल तर ती पोकळी भरायचीच नसते, ती सांगाडा कोरडा ठेवायला असते, तिथे कुणी भरून देतो म्हणाला तर दार लावून घ्या.

सर्व्हेअर आम्ही असा शोधला की जो स्वतः भरायचं काम करत नाही आणि कुणाचं कमिशन घेत नाही. साडेतीनशे पौंड घेतले. नवरा आधी कुरकुरला, की कंपन्या फुकट सर्व्हे करतात तर आपण का द्यायचे. पण माझं म्हणणं असं होतं की ज्याला काम मिळालं तरच पैसे मिळणार तो नको कशाला म्हणेल. हा माणूस सकाळी नऊला आला तो साडेबाराला गेला. शिडी लावून चारही बाजूंनी, म्हणजे आमच्या तीन बाजूंनी, गटरपासून खालपर्यंत भिंत बघितली. मग सात ठिकाणी दर्जेत बारीक भोकं पाडून बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घातला आणि मला स्क्रीनवर दाखवत गेला, हे बघा ही आतली वीट, ही पट्टी, हा सिमेंटचा लोंबता गोळा. रुंदी सहा ठिकाणी 50 ते 60 मिलिमीटर आली, मागच्या कोपऱ्यात एके ठिकाणी 45. बहुतेक मालाला 50 च्या आसपास तरी जागा लागते, कमीत चालतो असाही माल मिळतो पण तो त्या रुंदीसाठी सर्टिफाइड आहे का ते बघावं लागतं. सात भोकांपैकी एक त्याने मुद्दाम अगदी खाली, जोत्यापाशी पाडलं, कारण बांधताना गवंड्याच्या हातून पडलेला मसाला आणि विटांचे तुकडे तळाशी साचतात आणि ते ओल रोखणाऱ्या थराच्या वर आले की जमिनीतली ओल तिथूनच आत चढते. आमच्याकडे कचरा होता पण थराच्या खाली होता. लोखंडी पट्ट्यांवर गंज होता, वरवरचा. 1981 च्या आधीच्या घरांमध्ये ह्या पट्ट्यांवर जस्ताचा थर कमी असायचा, त्या वर्षी स्टँडर्ड बदललं, त्यामुळे जुन्या घरात पट्ट्या गंजून फुगतात आणि बाहेर दर्जांमध्ये ठरावीक अंतरावर, साधारण दीड-दीड फुटावर, आडव्या चिरा येतात. तशा चिरा असतील तर आधी पट्ट्यांचं काम, मग भरायचं. भरून झाल्यावर त्या बघताही येत नाहीत आणि बदलताना सगळंच किचकट होतं.

आणि एवढं करून तो म्हणाला, आत्ता भरू नका. मला त्या वाक्यासाठी साडेतीनशे पौंड दिल्यासारखं वाटलं आणि ते वसूल झाले.

का नको, तर चार गोष्टी. मागच्या बाजूच्या गटरचा सांधा गळत होता आणि त्याखाली विटांवर हिरवट पट्टा उतरलेला, तिथे दर्जा बोटाने खरवडल्या तर भुगा पडत होता. शेजारच्या बाजूला आधीच्या मालकाने भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा केला होता, माती ओल रोखणाऱ्या थराच्या वर गेलेली, तो थर जमिनीपासून 150 मिलिमीटर तरी वर हवा. तिसरं म्हणजे मागचं वाढवलेलं किचन. मूळ भिंत जिथे किचनच्या छपराला भिडते तिथे वरची बाहेरची भिंत खाली आल्यावर आतली भिंत होते, म्हणजे वरून पोकळीत उतरणारं पाणी बाहेर काढायला तिथे एक ट्रे बसवलेला हवा, आमच्याकडे तो नव्हता. कॉन्झर्व्हेटरी किंवा एक्स्टेन्शन असलेल्या प्रत्येक घरात हे विचारा, कंपनीवाले स्वतःहून काढत नाहीत विषय. चौथी गोष्ट खिडक्यांच्या कडेची सीलंट, ती क्षुल्लक.

झडीचं गणित त्याने कागदावर समजावलं. इथल्या बिल्डिंग रेग्युलेशनच्या पुस्तकात नकाशा आहे, वाऱ्याबरोबर येणारा पाऊस एका सलग वादळात भिंतीच्या एका चौरस मीटरवर किती आदळतो त्यावरून देशाचे चार झोन केलेत: 33 लिटरपेक्षा कमी, 33 ते 56.5, तिथून 100 पर्यंत, आणि 100 च्या वर. आपल्या माणसाला हे समजायला सोपं आहे, देशावरचा पाऊस आणि कोकणातला पाऊस ह्यात जो फरक आहे तोच. कोकणात पावसाच्या बाजूच्या भिंतीला लोक झाप लावतात, उगाच नाही लावत. इकडे वेल्स, कॉर्नवॉल, लँकेशायरचा किनारा, स्कॉटलंडची पश्चिम बाजू हे कोकण. रेडिंग त्यामानाने देशावरचं. पण झोन म्हणजे सगळं नाही, घर टेकडीवर आहे का, समोर मोकळं मैदान आहे का, छपराच्या वळचणी किती बाहेर आल्यात, विटा उघड्या आहेत की वर धड रेंडर, म्हणजे बाहेरचा गिलावा, आहे, हे त्या-त्या घराचं बघावं लागतं. ताईंचं घर सगळ्यात वरच्या झोनमध्ये, टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून. तिथे कुणी पंधरा मिनिटांत सही घ्यायला नको होती.

आता हवेचं. ह्यात चूक झाली तर जिवावर बेतू शकतं म्हणून जरा सावकाश वाचा. भिंतीत ज्या जाळीच्या विटा असतात, एअरब्रिक, त्या मुख्य दोन कामांसाठी असतात. खालच्या तक्तपोशीखाली हवा खेळावी म्हणून जोत्यात असतात, त्या बुजल्या की खालची लाकडं कुजतात. आणि जुना गॅस फायर किंवा खोलीतली हवा घेऊन जळणारा बॉयलर असेल तर त्याला हवा मिळावी म्हणून असतात, त्या बुजल्या तर कार्बन मोनॉक्साइड. म्हणून भरताना प्रत्येक एअरब्रिकच्या मागे पोकळीत नळी किंवा पेटी बसवून ती बंद करून घ्यावी लागते, म्हणजे माल तिच्यात उतरत नाही. धुराडं आणि बॉयलरचा फ्लू, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी, तपासावा लागतो, भरायच्या आधी आणि भरल्यावर. आमचा बॉयलर सील्ड आहे, बाहेरूनच हवा घेतो, पण पुढच्या खोलीत जुना गॅस फायर होता, तो आम्ही गॅस सेफ (इथली गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाकडून काढूनच टाकला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वीस पौंडांत येतो, लावा.

विजेच्या वायरी पोकळीतून गेल्यात का तेही बघायला सांगा. नेहमीच्या पीव्हीसीच्या वायरीला पॉलिस्टायरीनचे मणी टेकून राहिले तर वायरीचं वेष्टण हळूहळू कडक होऊन तडकतं, आणि इन्सुलेशनमध्ये गाडलेली वायर गरमही जास्त होते. आमच्या बाहेरच्या दिव्याची वायर तशी गेली होती, ती काढून नवी घातली.

ह्या सगळ्या दुरुस्त्यांना जुलैपासून सप्टेंबरपर्यंत वेळ गेला आणि इन्सुलेशनपेक्षा जास्त पैसे गेले, खरं सांगते. गटर, मागच्या भिंतीच्या दर्जा पुन्हा भरणं, किचनच्या वर ट्रे, वाफा खणून काढणं हे मात्र बाबांनी आणि नवऱ्याने केलं. पण ही कामं तशीही करायची होतीच, आणि भरायच्या आधी भिंत सुकू दिली. ओली भिंत भरायची नसते.

भरायला तीन कंपन्यांची कोटेशनं घेतली. तिघांना सर्व्हेअरचा रिपोर्ट पाठवला. एकाने वाचलाच नाही, सरळ दर पाठवला. एकाने 45 मिलिमीटरच्या कोपऱ्याबद्दल फोन करून विचारलं, आम्ही त्यालाच काम दिलं, 1,650 पौंड. कोटेशनमध्ये व्हॅट लावलेला नाही ना ते बघा, अशा कामाला सध्या 31 मार्च 2027 पर्यंत व्हॅट शून्य आहे. मालात आम्ही चिकटणारे पॉलिस्टायरीनचे मणी घेतले, राखाडी साबुदाणाच जणू, त्यावर डिंकासारखं काहीतरी मारत मारत आत सोडतात आणि ते एकमेकांना चिकटून बसतात, त्यामुळे पुढेमागे भिंतीला भोक पाडलं तरी भळाभळा सांडत नाहीत. लोकरही चांगली असते, आगीच्या दृष्टीने तर बरीच, पण अरुंद जागेत आणि वेड्यावाकड्या पोकळीत मणी चांगले पसरतात असं सर्व्हेअरचं म्हणणं पडलं. फोमबद्दल त्याने नको म्हटलं, एकदा घट्ट झाला की काढणं महामुश्किल.

कागदांचं बघा. काम बिल्डिंग रेग्युलेशनखाली कळवावं लागतं, नोंदणीकृत कंपनी असेल तर ती स्वतःच सर्टिफिकेट काढून देते, नाहीतर कौन्सिलकडे आधी अर्ज. घर विकताना वकील हाच कागद मागतो. गॅरंटीत सिगा म्हणून एजन्सी आहे, 1995 पासूनची, 25 वर्षांची गॅरंटी देते आणि ती घराबरोबर पुढच्या मालकाकडे जाते, जुन्या घरावर आधीची गॅरंटी आहे का तेही त्यांच्याकडे पत्त्यावरून शोधता येतं. दुसऱ्यांच्या गॅरंट्या पण असतात. कुठलीही असो, बारीक अक्षर वाचा, माल आणि कारागिरी धरलेली असते, पण तुम्ही गटर साफ केलं नाही, दर्जा ढिल्या झाल्या, त्यातून पाणी आलं तर ते तुमचं. म्हणून काम व्हायच्या आधीच्या भिंतीचे तारखेसकट फोटो काढून ठेवलेत, दर्जा भरल्याची पावती त्यालाच लावून.

फुकटच्या स्कीमबद्दल पण विचारतात सगळे. सरकारी योजना वाईट असं मी म्हणत नाहीये, ज्यांना खरंच परवडत नाही त्यांच्यासाठी ती आहे, आणि त्यात ट्रस्टमार्क (कंपन्यांना मिळणारा सरकारमान्य शिक्का), पास 2035 (घरांच्या इन्सुलेशनचं ब्रिटिश स्टँडर्ड) वगैरे नियम लागतात. पण नुसत्या शिक्क्यावर डोळे मिटून विसंबू नका. आमचं काम झालं त्याच महिन्यात, ऑक्टोबर 2025 मध्ये, सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा रिपोर्ट आला की सरकारी योजनांमधून भरीव भिंतींना बाहेरून जे इन्सुलेशन लावलं त्यातल्या 98 टक्के कामांत दुरुस्त करावेच लागतील असे दोष आहेत. ते पोकळी भरण्याचं काम नाही, वेगळं आहे, पण त्या घरांवरही शिक्के होतेच ना.

कामाचा दिवस. दोनदा तारीख बदलली, एकदा आदल्या रात्री आठला मेसेज करून, मी सुट्टी टाकलेली, तेव्हा चिडले होते. आले तेव्हा मात्र दोन माणसं, शांत, व्यवस्थित. आधी शेजाऱ्यांच्या आणि आमच्या भिंतीच्या मध्ये पोकळीत उभा ब्रश घातला, नाहीतर आमचा साबुदाणा त्यांच्या भिंतीत गेला असता. लॉफ्टमध्ये जाऊन पोकळीचं वरचं तोंड बंद आहे का बघितलं. मग दर्जांमध्ये 22 मिलिमीटरची भोकं, मशीनचा आवाज, अडीच-तीन तासांत भरून संपलं, भोकं बुजवून, अंगण झाडून दीडला गेले. किती पोती माल लागला ते मी विचारून लिहून घेतलं आणि सर्व्हेअरला कळवलं, त्याने भिंतीच्या क्षेत्रफळावरून ताळा केला, थोडा कमी वाटतोय म्हणाला.

आणि तसंच निघालं. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली तेव्हा त्याला थर्मल कॅमेरा घेऊन परत बोलावलं, आत आणि बाहेर दहा अंशांचा तरी फरक हवा म्हणून पहाटे साडेसहाला. बाथरूमच्या खिडकीखाली एक चौकोन आणि मागच्या त्या अरुंद कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत एक पट्टा, निळा, थंड. फोटो कंपनीला पाठवले. तीन आठवडे लागले, दोन फोन करावे लागले, पण आले आणि सहा जादा भोकं पाडून भरून गेले, पैसे न घेता. त्याच वेळी मी त्यांना जोत्यातल्या एका एअरब्रिकमध्ये आत अडकलेले मणी दाखवले, नळी नीट बसली नव्हती, टॉर्च मारल्यावर दिसत होतं. हे मात्र मला अजिबात आवडलं नाही, कारण सही केलेल्या चेकलिस्टवर त्यांनी सगळ्या एअरब्रिक तपासल्या असं लिहिलं होतं. तेव्हा प्रत्येक जाळीत स्वतः टॉर्च मारून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. भोकं बुजवलेल्या मसाल्याचा रंग पुढच्या बाजूला फिकट आलाय, लांबून दिसतो, ते म्हणतात पावसापाण्याने जुळेल.

फरक पडला का, तर पडला. रात्री दहाला हीटिंग बंद करतो, आधी सकाळी सहाला मुलाच्या खोलीत 14 अंश असायचे, आता बाहेर तशीच थंडी असताना 16 ते 17. बाहेरच्या भिंतीला पाठ टेकून बसता येतं. गॅसच्या बिलाचा आकडा देत नाही, दर बदलले, गॅस फायर काढला, बाबा होते नव्हते, एका हिवाळ्यावरून काही सांगणं बरोबर नाही.

एक बदल करावा लागला तो हवेचा. भिंत गरम झाली, सीलंट नवं झालं, घर आधीपेक्षा बंद झालं, आणि आपल्याकडे कुकर, फोडणी, वरण उकळतंय, पोळ्या चालल्यात, वर कपडे घरातच. नोव्हेंबरमध्ये खिडक्यांना आधीपेक्षा जास्त पाणी धरायला लागलं. किचनमध्ये शेगडीवर सेकंदाला 30 लिटर हवा बाहेर फेकणारा हूड आणि बाथरूममध्ये 15 लिटरचा फॅन, एवढं तरी इथल्या नियमात सांगितलेलं आहे, आमचा हूड हवा बाहेर टाकतच नव्हता, नुसती जाळीतून फिरवून परत घरात सोडत होता. तो बदलला आणि पाणी थांबलं. हे काम आधी करायला हवं होतं.

सर्व्हेअरला पाचपैकी पाच. कंपनीला पाचपैकी साडेतीन: फोन करून प्रश्न विचारला म्हणून, आणि परत येऊन भरून दिलं म्हणून बरे मार्क, एअरब्रिकचे आणि त्या आदल्या रात्रीच्या मेसेजचे कापले.

ताईंनी शेवटी एप्रिलमध्ये पश्चिमेची भिंत रिकामी करून घेतली. खालच्या काही विटा काढतात, वरून हवेचा झोत सोडतात आणि खालून ओली लोकर ओढून घेतात, त्या एका भिंतीची बावीस पोती निघाली, हाताला लागली तर पिळता येत होती म्हणे. पेबलडॅश काढून नवं रेंडर केलंय. आत गिलावा उघडा ठेवलाय, दर रविवारी मीटर लावून ओल मोजतात आणि आकडा ग्रुपवर टाकतात, हळूहळू उतरतोय. रंग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत द्यायचा नाही असं ठरलंय, आणि ती पोकळी परत भरायची नाही.